पहिलं खांड

सौमित्र गेल्यावर त्याची यंत्रबाही मृण्मयीने पहिल्यांदाच उजव्या हातावर चढवली. संधिवाताने तिच्या बोटांत जोर उरला नव्हता. त्यानेच शिकवल्याप्रमाणे तिने सुपारी अडकित्त्याच्या खिळीजवळ धरली, बाहीने मूठ आवळली आणि सुपारी कटकन फुटली. तिच्या कोपरातून मात्र कळ गेली.

“आई, बाही अजून बाबांच्याच मापानं हात हलवतेय,” ओवी म्हणाली. “त्यांचा हात लांब होता. तुझ्या कोपराला तो ताण झेपत नाही. तिच्या जुन्या सवयी पुसते, म्हणजे ती तुझा हात शिकेल.”

“पूस.”

तेवढ्यात बाहीने अडकित्ता खाली ठेवला, पहिलं खांड चिमटीत उचललं आणि मृण्मयीचा हात डावीकडे लांबवला. झोपाळ्यावर ती रोज सौमित्रच्या डाव्या बाजूलाच बसायची, आणि पहिलं खांड तिचं असायचं. आता तिथे कोणी नव्हतं. कोपर ठणकत होतं, तरी हात वाट बघत तसाच राहिला.

शेवटी तिने डाव्या हाताने स्वतःच्याच चिमटीतून खांड घेतलं. तेव्हा कुठे बाही सैल झाली.

ओवीने बाहीवरच्या सवयी पुसायच्या बटणाकडे बोट नेलं.

“थांब,” मृण्मयी म्हणाली. “डब्यात अजून एक सुपारी आहे.”