मास्तरांची दोन चित्रं

चित्रकला मला कुणी शिकवली नाही. सलूनमध्ये तीस वर्षं गिऱ्हाइकाच्या पाठीमागे उभं राहून समोरच्या आरशात चेहरे बघितले, तेच माझं कॉलेज. त्याच सवयीनं मी अजूनही माणसाला आरशाकडे तोंड करून बसवतो आणि आरशात दिसतं तस्संच रंगवतो. आजवर प्रत्येक जण "हुबेहूब!" म्हणतच चित्र घेऊन गेला.

निवृत्त मास्तरही तेच म्हणाले. सोबत आलेल्या बायकोला त्यांनी हाक मारली, "अगं, बघ! तंतोतंत मीच."

काकूंनी चष्मा चढवला. "भांग उलटा. चामखीळ भलत्याच गालावर. हे कुणाचं ध्यान?"

"माझं तोंड मला माहीत नाही?"

"तुम्ही ते आरशातच बघितलंय. मी चाळीस वर्षं समोरून बघतेय."

माझी ट्यूब पेटली. मी मास्तरांची खुर्ची गर्रकन माझ्याकडे फिरवली आणि दुसरं चित्र काढलं.

ते बघून मास्तर बुचकळ्यात पडले. "हा कोण बुवा?"

काकूंनी ते ओलं चित्र अलगद उचललं आणि नव्या नवरीसारख्या लाजल्या.

"आमचे हे!"