चादरीची टोकं

“शिडी, वर धर की गं! मागची भिंत दिसतेय,” बघणाऱ्या मुलींच्या घोळक्यातून कुणीतरी ओरडलं.

शिडी चवड्यांवर उभी राहिली आणि निळी चादर आणखी वीतभर वर गेली. चादरीचं दुसरं टोक चष्मा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या मुलीच्या हातात होतं, आणि ती स्टुलावर चढली होती. शिडीला स्टूल लागायचं नाही. म्हणून तर शिडी!

चादरीपुढं खुर्चीत भोंगा बसली होती. एरवी तिनं तळमजल्यावर शिंक दिली तरी मुलींच्या या आश्रमाच्या गच्चीवर ऐकू जायची. आत्ता मात्र चिडीचूप. हातात एक रबरी फुगा, आणि त्याची लांबलचक नळी थेट कॅमेऱ्यापर्यंत. फुगा दाबला की फोटो.

“फोटो मी काढणार नाही, तुम्ही काढणार,” असं कॅमेरा घेऊन आलेल्या फोटोताईनं सकाळी आल्या आल्याच सांगून टाकलं होतं. कसं बसायचं, हसायचं की नाही, फुगा कधी दाबायचा, सगळं खुर्चीतलीनं ठरवायचं. चादर धरायला दोघीजणी, त्याही तिनंच निवडायच्या. आपल्या वाटतात अशा.

मुली हरखून गेल्या होत्या. इथं प्रत्येकीचा एकच फोटो होता, आल्या दिवशी काढलेला, छातीशी नंबराची पाटी धरून. त्यात झाडून सगळ्या कोंबडी चोरल्यासारख्या दिसायच्या.

आणि आज प्रत्येकीनं शिडीला निवडलं होतं! आधी आपली खास मैत्रीण, मग लगेच, “आणि शिडी.” एकीनंही तिला वगळलं नव्हतं. दंड भरून आले होते, पण तिनं टोक दुसऱ्या कुणाला दिलं नाही. आपल्या दोघी तिनं केव्हाच ठरवल्या होत्या. केस मोकळे सोडायचे, हेही. आणि मान वाकवायची नाही.

फुस्स. भोंगानं फुगा दाबला आणि धावत कॅमेऱ्यापाशी गेली.

“अय्या, काय भारी आलेय मी! ताई, पण ही कडेला बोटं कुणाची?”

“चादर धरणाऱ्यांची.”

“काढता येतात?”

ताई जरा घुटमळली. “येतात. पण तूच निवडलंस ना त्यांना?”

“चष्माची राहू देत. ती माझी मैत्रीण आहे. ही इकडची काढा. हिला उंच म्हणून घेतलं होतं.”

“तुझा फोटो आहे,” ताई म्हणाली. तिनं कॅमेऱ्याच्या पडद्यावर फोटोची एक कड आत सरकवली. बोटं गेली.

“मग माझ्यातलीपण काढा!”

“आणि माझ्यातली!”

शिडीच्या हातात अजून चादर होती. तिनं आपल्या बोटांकडे पाहिलं. नखं स्वच्छ होती. सकाळीच कापली होती.

“आता कोण राहिलं?” ताईनं विचारलं.

“मी.”

“बस ना मग. आणि चादरीला?”

“भोंगा. आणि चष्मा.”

“मी?” भोंगाला हसू आलं. “अगं, माझा हात तुझ्या कानापर्यंत तरी पोचेल का?”

तेवढ्यात हॉलमधून कुणीतरी किंचाळलं, “टीव्ही लावला! या लवकर!” झालं! घोळका फुटला. सगळ्या सुसाट पळाल्या.

“येतेच गं,” भोंगा दारातून ओरडली. “तू बस तोवर.”

चष्माही तिच्या मागोमाग गेली. मग लगबगीनं परत आली. शिडीचा चेहरा एकदम उजळला.

चष्मानं स्टूल उचललं. “तिथं बसायला जागा नाहीये,” असं म्हणून ती ते घेऊन गेली.

खोलीत दोघीच उरल्या. हॉलमधून गाणं ऐकू येत होतं आणि सगळ्यांत वर भोंगाचा आवाज.

“मी खिडकीला बांधू का चादर?” ताईनं विचारलं.

“नको. माणसांनी धरायची म्हणालात ना?”

“मग मी धरते एक टोक.”

“तुम्ही उद्या इथं नसणार, ताई.”

ताईनं हात मागे घेतला.

शिडीनं खुर्ची बाजूला सरकवली. केसांची क्लिप काढून खिशात टाकली. फुगा जमिनीवर ठेवला, उजव्या पायाच्या अंगठ्याजवळ. मग चादर पाठीमागून घेतली, तिचं एक टोक एका मुठीत, दुसरं दुसऱ्या मुठीत, आणि दोन्ही हात ताणून पसरले. अगदी खांद्याच्या वरपर्यंत. खांद्यांपासून खाली मागची भिंत पार झाकली गेली. मान ताठ.

ताई कॅमेऱ्यातून बघत राहिली. लांबून पळत येणाऱ्या कुणालातरी कवेत घ्यायला मुलगी उभी असावी, तसं दिसत होतं.

“छान,” ती हळूच म्हणाली. “दाब आता.”

अंगठा फुग्यावर होता. हात थरथरायला लागले होते, आणि निळी चादरही.

“दाब की गं. हात दुखतील.”

“थांबा ना जरा,” शिडी म्हणाली. तिची नजर कॅमेऱ्याच्या वरून दाराकडे लागली होती. “ती येतेच म्हणालीये.”