बांगड्या वाजल्या की

प्रज्वलचा अल्बम निघाला तेव्हा त्याला जाऊन वर्ष होत आलं होतं. सभागृहात आवाज त्याचाच घुमत होता, पण रॅप ताजं होतं. त्याच्या आवाजात गाणारं यंत्र समोरच्यांची दाद ऐकत तिथल्या तिथे नव्या ओळी रचत होतं. पोरं बेभान झाली होती.

पहिल्या रांगेत, दाद टिपणाऱ्या माइकशेजारी बसलेल्या त्याच्या आईला, सारिकाबाईंना, तो आवाज परक्याचाच वाटत होता. डोळे पुसायला त्यांनी पदर उचलला, बांगड्या किणकिणल्या आणि आवाज अर्ध्या ओळीतच थांबला.

अल्बम काढणाऱ्या कंपनीचा तन्मय धावत आला. "सॉरी काकू! यंत्राला आम्ही त्याची घरची रेकॉर्डिंगं ऐकवली होती. त्यात तुमच्या बांगड्या वाजल्या की तो गप्प व्हायचा. यंत्र तेही शिकून बसलंय."

"गाण्यात शिव्या असायच्या ना," सारिकाबाई हळूच म्हणाल्या. "माझ्यासमोर कधी एक काढली नाही. मी चहा घेऊन गेले की खोलीत चिडीचूप."

"आत्ता काढून टाकतो ते. मग तुम्हालाही सगळं ऐकता येईल."

"नको रे बाबा." त्यांनी त्याचा हात घट्ट धरला. "माझा प्रज्वल तेवढाच उरलाय त्यात."

त्या उठल्या. बाहेर येऊन, घरी त्याच्या खोलीतून रिकामा कप घेऊन निघताना ओढायच्या तसंच, त्यांनी दार अलगद ओढून घेतलं.

आत प्रज्वलने अर्धी राहिलेली ओळ पुन्हा उचलली.