पाकिटावरची तारीख

ल्याओने एक ओळ टाइप केली आणि चाळीस मिनिटं मुकं झालेलं इस्पितळाचं एक्स-रे साठवणारं यंत्र बोलू लागलं. वरच्या मजल्यावर मोडक्या खुब्याचा एक म्हातारा शस्त्रक्रियेच्या टेबलावर ताटकळत होता. त्याचे एक्स-रे आत्ता कुठे डॉक्टरांच्या पडद्यावर उमटले.

एक्स-रेंना काही झालं नव्हतं. यंत्राला दोन दारं होती. पुढचं वॉर्डांकडे, मागचं तळघरातल्या बॅकअपकडे. बॅकअप लवकर उरकावा म्हणून काल ल्याओने माहिती बाहेर जायची मुख्य वाट मागच्या दाराला जोडली. आज सकाळी यंत्र बंद करून चालू केलं, तशी ती लागू झाली. डॉक्टर पुढच्या दारातून हाका मारत राहिले, यंत्र मागच्या दाराने ओ देत राहिलं. आता ल्याओने वाट पुन्हा पुढे वळवली होती.

"काय झालं होतं रे?" विभागप्रमुख को साहेबांनी विचारलं.

ल्याओने तोंड उघडलं. पण साहेबांची नजर यंत्राच्या माथ्यावर गेली. तैवानात कुठल्याही शहाण्या यंत्राच्या डोक्यावर असतं तसं तिथे मक्याच्या पोंग्यांचं हिरवं पाकीट होतं. यंत्राने शहाण्यासारखं वागावं म्हणूनचा तो नैवेद्य. हिरवंच हवं, म्हणजे दिवे हिरवे राहतात, आणि मुदतीतलंच हवं. साहेबांनी ते उलटं केलं.

"मुदत संपून बारा दिवस झालेत!"

खोलीतल्या तिघांनी एकदम "आँ!" केलं. तिघंही इंजिनियर. एकाने तर नेटवर्कवर प्रबंध लिहिलेला.

आचू मावशीला बोलावणं गेलं. ती सफाई करायची, आणि गेली नऊ वर्षं पाकिटं बदलण्याचा मानही तिचाच.

"मावशी, डोळे कुठे असतात तुमचे?"

"नात महिन्याची झाली ना, साहेब. रजेवर होते. राहून गेलं."

"शिळं वाढल्यावर रुसणारच की ते," मागून कुणीतरी म्हणालं. हसू पिकलं. साहेब हसले नाहीत.

"उद्यापासून तुम्ही धुलाईघरात. ही खोली दुसरं कुणी बघेल."

वाट मी चुकीची जोडली. चारच शब्द होते. ल्याओने ते दोनदा मोजले.

"अहवालात काय लिहितोस?" साहेबांनी विचारलं.

"यंत्राची तात्पुरती अडचण," ल्याओ म्हणाला. तीन शब्दांत भागलं.

दुपारी खोलीत तो एकटाच असताना मावशी नवं पाकीट घेऊन आली. तारीख आठ महिने पुढची, दुकानदाराकडून तीनदा वाचून घेतलेली.

"तूच ठेव, बाळा. माझा हात नको लागायला. सकाळी तू होतास म्हणून निभावलं."

ल्याओने पाकीट दोन्ही हातांनी ठेवलं. सगळे दिवे हिरवे होते. ते सकाळपासूनच हिरवे होते.

"तो वरचा म्हातारा?"

"बरा आहे."

"माझ्यापायी खोळंबला बिचारा." तिने एप्रनच्या खिशातून जुनं पाकीट काढलं. "टाकवेना रे मला." तिने ते फाडलं, एक पोंगा त्याच्या हातावर ठेवला, एक स्वतःच्या तोंडात टाकला.

दोघं चावत राहिली. यंत्राच्या घरघरीतही आवाज ऐकू येत होता. मावशी थबकली, पाकिटात डोकावली.

"मऊ नाही पडलेले रे," ती म्हणाली. "अजून कुरकुरीतच आहेत."