पत्रातलं दार

शिवण शिकवणारी ताई दर रविवारी सकाळी वाचकांना ईमेलने पत्र पाठवायची. वर्षभर डोकेफोड करूनही यादी दोनशेपुढे हलेना. पत्राच्या माथ्यावर कायम एकच फोटो असायचा: मशीनवर ती आणि मागे कोरी भिंत.

एका वाचक बाईंनी लिहिलं, "ताई, मागचं दार किलकिलं का ठेवलंय?"

पुढच्या रविवारी अकरा जणांनी तेच विचारलं. वाचक भराभर वाढू लागले.

"भिंतीला कुठलं दार?" नवरा हसला. "पण माणसं येतायत ना? मग फोटोला हात लावू नकोस."

तिने लावला नाही.

आज त्याच बाईंचं उत्तर आलं. "दार सताड उघडंय. तुम्ही का दिसत नाही?"

तिने फोटो पाहिला. ती होती.

तेवढ्यात नवरा आत आला. ती बसली होती त्याच खुर्चीकडे बघत त्याने हाक मारली, "अगं, कुठे गेलीस?"