खासगी कुंड, पाऊण तास

"मोठ्या कुंडात चला की," मालकीणबाई तिसऱ्यांदा म्हणाल्या. "समोर बर्फाचा डोंगर, गळ्यापर्यंत गरम पाणी, आणि आत चिटपाखरू नाही. अंगणाएवढी जागा सोडून त्या खुराड्यात कशाला शिरता?"

"आम्हाला खासगीच हवं," फुजिनो म्हणाली.

"यंदा सगळ्यांना खासगीच हवंय! नव्या वर्षाचा पहिला दिवस, आणि माणसं एकमेकांची तोंडं चुकवत फिरतायत. मला तर काही कळेनासंच झालंय." मालकीणबाईंचा आवाज असा खणखणीत, की दबकं बोलायची सोयच नाही. "बांबूचं मोकळं आहे, दगडी मोकळं आहे. लाकडी आत्ताच गेलं."

"रस्त्यावरून दिसणार नाही असं कुठलं?"

मालकीणबाईंनी एकदा फुजिनोकडे पाहिलं, एकदा तिच्यामागे खाली मान घालून उभ्या असलेल्या तादाओकीकडे. फुजिनोच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

"हे माझे यजमान आहेत," ती म्हणाली. "चाळीस वर्षं झाली लग्नाला."

"मी कुठं काय म्हटलं?" मालकीणबाई हसल्या. "दगडी घ्या. आडबाजूला आहे. पाऊण तास हं."

लाकडी जिना उतरताना तादाओकी पुटपुटला, "या वयात हेही ऐकून घ्यायचं होतं."

"हळू बोला."

"कोण ऐकतंय? उंदीर?"

चूक फुजिनोचीच होती. दर वर्षी नव्या वर्षाला ती दोघं तोक्योला मुलाकडे जात. यंदा मुलाचा फोन आला, "आई, या वेळी नका येऊ. हिच्या माहेरची माणसं येणार आहेत, घरात जागा नाही." वाईट वाटलं, पण ते गिळता आलं असतं. त्याच्या आदल्याच दिवशी तिनं हातानोबाईंना तोऱ्यात सांगून ठेवलं होतं, की आम्ही काय, निघालो तोक्योला, नातू ऐकतोय का! शेजारच्या हातानोबाई म्हणजे गल्लीचा कर्णा. त्यांची मुलगी त्यांना यंदा ओकिनावाला नेणार होती, विमानानं. मग फुजिनोनं तरी कमी का पडावं?

आता घरी राहावं तर दिवे लावायची चोरी. गल्लीत घरोघर फिरणारी सूचनांची फळी आली, तिला या पथिकाश्रमाची जाहिरात लावलेली होती. फुजिनोनं गुपचूप नंबर उतरवून घेतला आणि फळी पुढच्या घरी दिली.

"जाहिरात गल्लीभर फिरली," तादाओकी तेव्हाच म्हणाला होता. "कोणी भेटलं म्हणजे?"

"नव्या वर्षाला इथं कोण येणार? सगळ्यांना पोरं आहेत."

आपल्यालाही आहे, असं तो म्हणाला नाही. तेच तिला जास्त लागलं.

कुंडात पाणी धो धो पडत होतं, शेजारचं काही ऐकू येत नव्हतं. दोघं अंग धुऊन आत उतरली. तादाओकी पाय पसरायला गेला तर ते तिच्या पायांना लागले, मग त्यानं आवरून घेतले. इतका मोठा माणूस, पोस्टात पस्तीस वर्षं ताठ मानेनं उभा राहिलेला, गुडघे पोटाशी धरून बसला होता. आपल्या फुशारकीपायी याला चोरासारखं लपावं लागतंय, असं फुजिनोला वाटलं आणि तिची तिलाच लाज वाटली.

"रागावलात?" तिनं विचारलं.

"पाणी चांगलंय," तो म्हणाला.

बाहेर येऊन ती कपडे बदलत होती, तोच टोपलीतला फोन थरथरला. हातानोबाई. सकाळपासून तिसऱ्यांदा. आता उचलला नाही तर संशय यायचा. तिनं डोळे मिटले आणि फोन कानाला लावला.

"नव्या वर्षाच्या शुभेच्छा, फुजिनो! अगं आहेस कुठं? काय तोक्यो, तोक्यो!"

"तुम्हालाही, वहिनी! काय सांगू, उसंत म्हणून नाही. नातू पाठच सोडत नाही. आत्ता कुठं आजोबांच्या मांडीवर झोपलाय."

तादाओकी टॉवेल पिळत होता. त्यानं पाठ फिरवली.

"आणि ओकिनावा?"

"काय ऊन, काय ऊन! हे बघ, लाटांचा आवाज ऐकू येतोय ना? मुलगी म्हणते, आई, समुद्रात उतर. मी म्हटलं, या वयात माझे पाय कोणाला दाखवू?"

"येताना काळा गूळ आणा हं."

"आणते की! तू तोक्योचा खाऊ आण." हातानोबाई क्षणभर थांबल्या. "नशीबवान आहेस गं. मांडीवर नातू म्हणजे..."

तेवढ्यात टकटक झाली. "बाई, पाऊण तास संपला! पुढची माणसं थांबलीत हो!" मालकीणबाईंचा खणखणीत आवाज.

फुजिनोनं फोन टॉवेलात दाबला. ऐकलं असणार! आता उद्या गल्लीभर होणार, मुलानं दारात उभं केलं नाही म्हणून म्हातारी डोंगरात लपून बसली होती. तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"अहो, जा ना," ती नवऱ्याला दबक्या आवाजात म्हणाली, "त्या मालकीणबाईला आधी गप्प करा!"

तादाओकीनं दार किलकिलं केलं, बाहेर डोकावला, पुन्हा लावून घेतलं.

"आपल्या दाराशी कोणी नाही," तो म्हणाला. "त्या शेजारी उभ्या आहेत. लाकडी कुंडाच्या दारात."

नातू उठला, आता ठेवते, असं काहीतरी सांगावं म्हणून फुजिनोनं फोन पुन्हा कानाला लावला. पलीकडे हातानोबाई तिच्याशी बोलत नव्हत्या. फोनवर हात धरून त्या कोणाला तरी दबक्या आवाजात सांगत होत्या, "अहो, जा ना, त्या मालकीणबाईला आधी गप्प करा!"