सातव्या गणिताची पेन्सिल

लेनिनग्राडच्या शाळकरी मुलांच्या गणितमंडळात उत्तर लिहून द्यायची पद्धत नव्हती. ते तोंडी पटवून द्यायचं आणि पटलं तर ऐकणाऱ्याने नावापुढे पेन्सिलीने अधिकचं चिन्ह करायचं. यंदा ऐकायला याच मंडळातून पुढे कॉलेजात गेलेली वेरोनिका बसली होती. यादीतल्या सातव्या गणिताने शाळेत असताना तिची अख्खी हिवाळी सुट्टी खाल्ली होती, तरी सुटलं नव्हतं. बारा वर्षांच्या झोयाने ते चार वाक्यांत उलगडलं. वेरोनिकाचा जळफळाट झाला. पेन्सिल कागदावर टेकेना. “पुन्हा सांग.” कुठेतरी चुकेलच कार्टी! चुकली नाही. “परत एकदा पहिल्यापासून.” झोया थांबली. तिने वेरोनिकाच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि अलगद तिच्या हातातली पेन्सिल काढून घेतली. “कळलं नाही ना, ताई? लाजू नकोस. थांब, चित्र काढून दाखवते.” चित्र पाहताच वेरोनिकाला सगळं लख्ख कळलं. पेन्सिल परत मागायचा मात्र तिला धीर झाला नाही.